राजीखुशीनं

कोठीच्या कचेरीबाहेर, कडुलिंबाखाली माझं टेबल.
एका पायाखाली कौलाचा तुकडा,
प्रिंटरवर जुना टॉवेल,
आणि पाटी : जोग टायपिंग, सोगंदनामे, भाडेकरार.
घरात मराठी, गिऱ्हाइकाशी गुजराती,
स्टॅम्पपेपरवर जी कुणाच्याच घरची नाही ती भाषा.

कैलास माछी पुढ्यात बसते.
सव्वादोन वर्षांपूर्वी याच स्टुलावर बसली होती,
मागे एजंट, उसाचा रस पीत उभा.
आज एकटी आहे.
म्हणते, जोगबेन, लिहा.

पगार पाच महिने आला.
मग म्हणाले, खर्च वळता करतोय.
कसला? तिकिटाचा. साबणाचा. फुटलेल्या एका कपाचा.
पासपोर्ट मॅडमच्या कपाटात, अत्तराच्या बाटल्यांमागे.
झोपायला फ्रीज आणि धुलाई मशीन यांच्यामधली फरशी.
अजूनही, म्हणते, रात्री फ्रीजची घरघर थांबली
की दचकून जाग येते,
वाटतं कुणीतरी स्वयंपाकघरात आलं.

बाही कोपरापर्यंत सारते.
इस्त्रीचं टोक, पक्कं उमटलेलं.
"होडी," म्हणते. "आमच्या बापाची होती, तश्शी."
आणि हसते.
कीबोर्डवर या हसण्याची कळ नाही.

"शेठचा मेव्हणा –"
"ते नका लिहू."
चहा येतो. चहावर साय धरते.
"लिहा. पण माझं नाव नको."
सोगंदनामा नावानंच सुरू होतो, कैलास.
मी, खाली सही करणार.

मग ती पिशवीतून एक झेरॉक्स काढते.
एजंटनं तोंडावर फेकलेली :
सही तुझीच ना? वाच मग.
ती चौथीपर्यंत शिकलेली. वाचते मी.
मी माझ्या राजीखुशीनं, कुणाच्याही दाबदबावाशिवाय,
पूर्ण शुद्धीत, परदेशी घरकामास जात आहे.
पानभर उभी काळी रेघ.
त्या वर्षी माझ्या प्रिंटरचा ड्रम चरला होता.
रेघ बरोबर 'दबाव'मधून गेलीय,
कुणी तो शब्द खोडायला घ्यावा
आणि मध्येच उठून जावं तशी.

वाक्य माझं.
तिनं सांगितलं नव्हतं. कुणीच सांगत नाही.
ते फाइलीत तयार असतं,
नाव बदलायचं, वय, गाव,
पानाला चाळीस रुपये.

दुपारी तोच एजंट. नवी मुलगी.
टीना परमार, गाव सावली,
वय आधारकार्डावर एकतीस,
चेहऱ्यावर बावीस.
कैलासला तो ओळखत नाही, किंवा तसं दाखवतो,
आणि स्टॅम्पपेपर आणायला समोर जातो.
मी विचारते, राजीखुशीनं ना?
मुलगी स्क्रीनकडे बघते.
पुन्हा विचारते.
तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणते,
"नाही म्हटलं, तर महिन्याला पंधरा हजार
तुम्ही देणार?"

कर्सर लुकलुकतो.
मी वाक्य पुसते. जागा रिकामी राहते.
परत लिहिते.
काय करू, ती जागा रिकामी ठेवून
तिचा कागद घेणार कोण,
आणि शेजारच्या टेबलावर तीस रुपयांत होतं.

एका चिठोऱ्यावर माझा नंबर लिहून
तिच्या हातात देते.
कैलास तो ओढून घेते. फाडते.
"कागद उतरल्या उतरल्या घेतात. फोनपण.
पाठ कर."

मुलगी हसू दाबत म्हणायला लागते,
नव, आठ, बे, पाच,
पुढे अडखळते.
शेवटचे तीन चुकतात.
"फरी बोल," म्हणते कैलास.
एजंट रस्त्याच्या मधोमध पोचलाय,
कागद डोक्यावर धरून, उन्हाकडून वाचत.
नव, आठ, बे,
"फरी बोल."